नकाशावर एकच पाणी

"हीच ती. हिनं सगळं बघितलंय. पण ही नाय बोलायची. इंग्रजी शाळंतली हाय."

माझ्या मागे दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसलेली बाई शेजारणीला सांगत होती. इंजिनाच्या धडधडीत आपला आवाज बुडेल असं तिला वाटलं असावं. शेजारीण म्हणाली, "मंग इंग्रजीत बोल म्हनावं!" दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी पाण्याकडे बघत राहिले. ऐकू न आल्याचा चेहरा करणं मला लहानपणापासून येतं. नाशिकच्या ज्या शाळेत मी शिकले तिथे मराठी बोललं की बाई रागवायच्या आणि इंग्रजी चुकलं की वर्ग हसायचा. मग मी दोन्हीकडून तोंड मिटून घेतलं.

सुकाणूवर मामा होता, माझ्या आईचा थोरला भाऊ. लाँच त्याचीच. पुढे टोकावर हातात बांबू घेऊन लहानूकाका उभे होते. माझ्या जन्माच्या आधीपासून ते या लाँचवर आहेत. मध्ये आम्ही तीसेक माणसं, दोन मोटारसायकली आणि पाय बांधलेली एक शेळी. शेळी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, की दोन वर्षांपूर्वी अशाच मे महिन्यात, याच लाँचच्या फळीवर, रस्त्याच्या कामावरच्या सुपरवायझरला बांबूचा तडाखा बसला, तो खाली पडला आणि त्याचा उजवा हात लाँच आणि दगड यांच्यामध्ये चिरडला. खटला लहानूकाकांवर चालू होता. बांबू मारला होता मामाने. आणि परवा इगतपुरीच्या कोर्टात माझी साक्ष होती.

मारणारा मागे, आरोपी पुढे, साक्षीदार मध्ये. लाँच रोजच्यासारखी चालली होती.

*

यंदा नाशिकमध्ये कुठेही जा, रस्ता फोडलेला आहे. सिंहस्थ येतोय म्हणून सगळं शहर एकदम उकरायला काढल्यासारखं झालंय. आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत सकाळी आठला ब्रेकर सुरू होतो आणि फडताळातल्या कपबशा एकमेकींवर दात वाजवायला लागतात. आई म्हणते, "होऊ दे बाई. एकदाचा रस्ता तरी धड होईल." मी मान हलवते. पण ब्रेकरचं टोक डांबरात घुसलं की मी खिडकी लावायला उठते. फुटलेल्या दगडाला एक वास असतो, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. जळक्या काडेपेटीसारखा, थोडा रक्तासारखाही. खिडकी लावली तरी तो आत येतो. आणि आला की मी नाशिकमध्ये राहत नाही. मी त्या उतारावर असते, अनवाणी, हातात मामाचा जेवणाचा डबा.

उन्हाळ्याबद्दल लोक किती गोड लिहितात. वाळा, कैरीचं पन्हं, मोगरा. मला आठवतो तो उन्हाळा हातात दगड घेऊन आला होता.

*

मामाचं गाव इगतपुरीच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. धरण झालं तेव्हा जुना रस्ता पाण्याखाली गेला आणि पलीकडच्या वाड्यांना इकडे यायला पाणी ओलांडण्यावाचून वाट उरली नाही. म्हणून लाँच. सकाळी दूध, मग शाळेचे गुरुजी, मग बाजाराची टोपली, दुपारी तापाने फणफणलेलं मूल, लग्नसराईत नवरी, आणि कधीतरी पांढऱ्या कापडात बांधलेलं कुणीतरी, हे सगळं त्याच फळीवरून चढतं नि उतरतं. काठाला सगळे 'बंदर' म्हणतात. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही अशा माणसांचं बंदर.

पण हे बंदर एका जागी राहत नाही. पावसाळा सरताना पाणी वर जांभळाच्या झाडाला लागलेलं असतं. होळीपासून ते उतरायला लागतं आणि मे महिन्यात इतकं खाली जातं, की जांभळाखाली उभं राहिलं तर लाँच काडेपेटीएवढी दिसते. पाणी पुरुषभर उतरलं की बंदर हलवायचं. ते काम लहानूकाकांचं. ते एकटे बांबू टोचत चिखलात उतरतात, घट्ट जमीन लागली की खुंटा ठोकतात, फळी टाकतात. मग एका पायाने फळीचं टोक दाबून, बांबू लाँचच्या अंगाला टेकवून उभे राहतात. ते उभे राहिल्याशिवाय कुणी पाय टाकत नाही. लाँच वाऱ्याने हलते, तिला बांबूच धरून ठेवतो.

काठापासून लाँचपर्यंत फळी चार पावलांची. त्या चार पावलांवर जे होईल ते बांबूवाल्याच्या माथी, असा तिथला नेम आहे. कुणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. एकदा एका म्हातारीची पाट, तिची तरणी शेळी, फळीवरून पाण्यात गेली, तर लहानूकाकांनी स्वतःच्या दारची पाट तिच्या दाव्याला नेऊन बांधली. एकदा शाळेचे गुरुजी घसरून पडले आणि त्यांचे पुढचे दोन दात गेले. लहानूकाका कोंबडी घेऊन त्यांच्या दारात.

"अहो, दात माझ्या चपलेपायी पडले," गुरुजी म्हणाले.

"चप्पल तुमची, गुरुजी. फळी माझी."

ही गोष्ट गावात अजून हसत सांगतात. मीही हसायचे.

*

रस्ता हवा म्हणून मामाने किती वर्षं अर्ज दिले याची गणती नाही. मी नववीत होते तेव्हापासून ते अर्ज मी लिहून द्यायचे, इंग्रजीत. "इंग्रजीत लिही, केतू," मामा म्हणायचा. "इंग्रजी कागद फाडाया सायेब बी जरा घाबरतो." पोहोच रस्ता, लाँच लागायला पक्का धक्का, बस वळवायला जागा, एक शेड. मी शाळेच्या निबंधातले सगळे भारी शब्द त्यात घालायचे. मामा ते कागद वाचू शकत नसे, पण हातात धरून त्यांचं वजन केल्यासारखं करायचा.

आणि एका वर्षी सरकारने खरंच निधी मंजूर केला. दिवाळी झाल्यावर मोजणीची माणसं आली. मामाने आधीच्या आठवड्यात लाँचला निळा रंग दिला होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो साहेबांना थेट जांभळाखाली घेऊन गेला. पाणी काठोकाठ होतं. मुळांना लागून हिरवंगार, त्यात आभाळ.

"हे आमचं बंदर, सायेब."

साहेब खूश झाले. फोटो काढले. हे पाणी मेपर्यंत पार खाली जातं, असं कुणीही म्हणालं नाही. आमच्याकडे पाहुण्याला भरलेलं पाणीच दाखवतात. उतरलेलं पाणी म्हणजे घरातलं आजारपण, ते चारचौघांत काढायचं नसतं. साहेब परत गेले असते आणि रस्ता झालाच नसता, तरी कुणाला ते सांगावंसं वाटलं नसतं. सगळं गाव अभिमानाने गप्प होतं.

मी मात्र दुसऱ्याच कारणाने गप्प होते. साहेबांनी नकाशा मामाच्या खाटेवर पसरला होता आणि तो इंग्रजीत होता. त्या अंगणात साहेब सोडून तो वाचता येणारी मी एकटी. त्यावर पाण्याची एकच रेघ होती, निळी, धरण भरल्यावरची. धक्का तिला चिकटवून काढलेला. मे महिन्याचं पाणी नकाशावर कुठेच नव्हतं. मी रेघेवर बोट ठेवलं. साहेबांच्या बरोबरचा एकजण म्हणाला, "मॅडम इंजिनियर आहेत का?" मी म्हटलं, "नाही. बी.कॉम." तिघेचौघे हसले, वाईट हेतूने नाही. मी बोट काढून घेतलं. मला वाटलं, त्यांना माहीत असेलच.

दोन शब्दांचं काम होतं. पाणी उतरतं. तेवढं म्हटलं असतं तर एक माणूस आज दोन्ही हातांनी जेवला असता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

*

काम सुरू झालं ते पुढच्या उन्हाळ्यात. माझी पहिली नोकरी सुटली होती, दुसरी लागायची होती. मी मे महिनाभर मामाकडे राहिले.

रोज दुपारी बारा आणि चारला सुरुंग. आधी शिट्टी, मग सगळं गाव श्वास धरून बसायचं, मग जमीन खालून लाथ मारायची. पत्र्यांवर खडे पडायचे. मामीची गाय तिसऱ्या दिवशी आटली. डोंगराच्या कडेची करवंदीची जाळी यंत्राने मुळासकट ओरबाडली आणि तिच्यातली होल्याची घरटी टायरखाली गेली. ड्रायव्हरने पाहिलं, थांबला नाही, त्याला दिवसाला ठरलेला पल्ला होता. कामावरच्या दोघांनी सुरुंगाची उरलेली दारू पाण्यात उडवली तर मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. पोरांनी ते गोळा केले, आम्ही ते खाल्ले. पोरांचा नवा खेळ होता. एकाने शिट्टी मारायची आणि बाकीच्यांनी फुटायचं.

मुरूम वाहायला कुणाचा ट्रॅक्टर लावायचा यावरून दोन भाऊबंदांत जुंपली. एकाच ताटात जेवलेली माणसं. एकाने ट्रॅक्टरची साखळी काढली आणि दुसऱ्याच्या पाठीवर ओढली. तो आवाज ओल्या कपड्याला धोपाटणं मारल्यासारखा होता. मी दारात उभी होते. मामी मला म्हणाली, "बघू नको, आत चल." पण तिनेच आत येताना पातेलं असं आपटलं की त्याचा काठ वाकला. हिंसा घरात चपला काढून येत नाही. ती सगळ्यांच्या हातात थोडी थोडी शिरली होती. माझ्यासुद्धा. एका दुपारी कुत्रं चपला पळवत होतं तर मी त्याला दगड मारला. नेम लागला तेव्हा मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

आणि धक्का वर चढत होता. जांभळाच्या झाडापाशी, कोरड्या ठणठणीत जमिनीवर, लोखंडी सळया उभ्या राहिल्या, काँक्रीट पडलं, लाँच बांधायच्या कड्या बसल्या. पाणी अर्धा किलोमीटर खाली. पहिले दोन दिवस लोक हसले. "लाँचला चाकं लावा आता!" मग खोदकामाचा राडारोडा उतारावरून खाली ढकलायला लागले, तो नेमका बंदराच्या वाटेवर. पलीकडून एका बाळंतिणीला झोळीत आणलं, तर झोळी धरणारे दोघे त्या दगडांत कोसळले. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकल्यावर हसणं संपलं.

मामा रोज सुपरवायझरकडे जायचा. भामरे नाव त्यांचं, मनमाडकडचे, चाळिशीतले, डोक्याला कायम ओला रुमाल. मामा परत यायचा तेव्हा त्याच्या मानेची शीर उडत असायची. एकदा डबा घेऊन मामाला शोधत मीच वर गेले होते. भामरेंनी मला सावलीत बसायला खुर्ची दिली, चहा दिला, स्वतः उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. मामांना समजावा. मलाही डोळे आहेत. पाणी कुठं आहे ते मला दिसतं. पण माझ्या कागदावर पाणी इथंच आहे. मी कागदाप्रमाणे काम केलं नाही तर मला काढतील."

"तुम्ही वर कळवलंत?"

"तीनदा." ते हसले. "वरून उत्तर आलं, गावकऱ्यांनीच जागा दाखवली आहे."

मी चहा अर्धा ठेवून उठले.

*

त्या सकाळी दहाचा सुमार. लाँच पलीकडून भरून आली होती. मामा पलीकडच्या फेरीला जाणार होता म्हणून मी डबा घेऊन फळीपाशी थांबले होते. लहानूकाकांनी फळी टाकली, पाय दाबला, बांबू लाँचला टेकवला. दोन बायका उतरल्या. तेवढ्यात वरून यंत्राने ढकललेला एक धोंडा उतारावरून उड्या मारत आला, माणसांनी आरडाओरडा केला, धोंडा लाँचच्या अगदी लगत पाण्यात गेला आणि निळ्या फळ्यांवर चिखलाचा फटकारा उडाला. लाँचमध्ये एक पोर किंचाळायला लागलं ते थांबेचना.

मामा सुकाणू सोडून उडी मारून काठावर आला. वरून भामरे धावत येत होते. मला वाटतं ते घाबरले होते, धोंड्यासाठीच येत होते. पण खाली पोचल्यावर त्यांच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "मी सांगितलं होतं इथं लाँच लावू नका! आजपासून बंद! काम होईपर्यंत बंद!" आणि ते फळीवर चढून आडवे उभे राहिले.

"भामरे, फळीवरनं उतर. बाया-पोरं उतरू दे."

"आधी लाँच मागं घ्या."

"उतर म्हंतो ना!"

"लिहून आणा वरून. तुम्हीच जागा दाखवलीत ना आम्हाला? तुम्हीच शर्ट घालून फोटो काढलेत ना?"

एवढं बोलून भामरे लाँचकडे वळले, तेवढ्यात मामाने लहानूकाकांच्या हातातून बांबू ओढला. एकदाच. आडवा आला तो भामरेंच्या कानाखाली आणि मानेवर बसला. आवाज फार मोठा नव्हता. भामरे डाव्या अंगाला, काठ आणि लाँचच्या फटीत पडले, पडताना त्यांनी उजव्या हाताने काठाचा दगड धरला. आणि लाँचला धरायला आता बांबू नव्हता. वाऱ्याने ती हळूच, एखादी म्हैस गोठ्यात वळते तशी, दगडाकडे वळली.

तो आवाज मी लिहिणार नाही.

त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. लहानूकाका कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून खांद्याने लाँच मागे रेटताहेत. मामाच्या हातातला बांबू गळून पडला आहे आणि तो स्वतःच्या तळव्यांकडे बघतो आहे. वरून कामगार फावडी घेऊन उतरले, खालून गावकरी दगड घेऊन चढले, आणि मध्ये ज्याला जो सापडला त्याने त्याला मारलं. कुणाचं कपाळ, कुणाचे गुडघे. यंत्राची काच फुटली. पोलीस आले तेव्हा त्यांनी काठ्या चालवल्या, त्या दोन्हीकडच्यांवर सारख्याच. माझ्या हातात डबा तसाच होता. भाकरीवर बारीक खडी पडली होती.

*

जबाब शाळेच्या व्हरांड्यात घेतले. हवालदाराने विचारलं, बांबू कुणाचा? लहानूकाका ओल्या धोतराने पुढे झाले. "माझा."

"फळीवर कोण होतं?"

"फळी बी माझी. फळीवर काय झालं तर म्याच."

हवालदार बाहेरचा होता. त्याला आमचा नेम कुठून कळणार? त्याने ते कबुलीसारखं लिहून घेतलं. काठावर पन्नासेक माणसं होती आणि सगळ्यांनी पाहिलं होतं. एकही बोललं नाही. मामा तुरुंगात गेला असता तर लाँच बंद पडली असती, आणि लाँच बंद म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्यांचं सगळं बंद. लहानूकाकांच्या मागे होती एक म्हातारी बायको. गावाने मनातल्या मनात दोन पारडी लावली आणि मान खाली घातली.

मग माझी पाळी. "ताई, तुम्ही जवळ होता. तुम्ही सुशिक्षित. लाँच काठाला लागली तेव्हा बांबू कुणाच्या हातात होता?"

"लहानूकाकांच्या."

एवढंच. शब्द न् शब्द खरा. मी खोटं बोलले नाही, फक्त वाक्य जिथे संपवायला नको होतं तिथे संपवलं. मामा भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत एवढी भीती मी कधी पाहिली नव्हती. हवालदाराने ओळ लिहिली आणि पान उलटलं. त्या ओळीमुळे मी सरकार पक्षाची साक्षीदार झाले, लहानूकाकांच्या विरुद्ध.

ते काही महिने तुरुंगात होते. जामीन मिळाल्यावर पुन्हा लाँचवर आले. मामाने त्यांच्या हातात नवा बांबू दिला. दोघांत काय बोलणं झालं कुणाला माहीत नाही. बहुधा काहीच नाही. पाणी अमुक फूट, इंजिनात तेल घाल, एवढंच.

*

तर यंदाचा मे. मामाबरोबर ती एक फेरी मारून मी घरी पोचले, त्या दुपारी मामीने आमरस केला होता. तिने वाढता वाढता सांगितलं, "दोन वर्सामागं सांगितलंस तेवढंच सांगायचं. एक शब्द वर नाय, एक खाली नाय. तुझी आई बी हेच म्हनली ना?"

आई हेच म्हणाली होती.

मी ताटाकडे बघत विचारलं, "मामा, तुला झोप लागते?"

पितळेचा तांब्या माझ्या डोक्यावरून गेला आणि मागच्या भिंतीवर आदळला. पाणी माझ्या पाठीवर सांडलं. मामा उठला, भिंतीपाशी जाऊन त्याने तांब्या उचलला, पोचा आला होता तो अंगठ्याने दाबून बघितला, आणि तसाच तो पोटाशी धरून खाली बसला.

"मी त्या मानसाला नाय मारलं, केतू. मी त्या नकाशाला मारलं."

मला म्हणावंसं वाटलं, नकाशा मी वाचला होता. पण मी ओली पाठ घेऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानूकाका बंदर हलवत होते. पाणी आणखी पुरुषभर उतरलं होतं. वर जांभळापाशी सरकारी धक्का उभा होता, त्याच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. तिथवरचा रस्ता मात्र खरंच छान झाला आहे, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. त्यावरून बस येते, वळते आणि माणसांना पाण्यापासून अर्धा किलोमीटरवर उतरवून जाते. मी चिखलात काकांच्या मागे गेले.

"काका, तुम्ही खरं का सांगत नाही?"

"खरंच सांगितलं की. बांबू माझा, फळी माझी."

"पण मारलं तुम्ही नाही."

"नाय मारलं." त्यांनी बांबू चिखलात खुपसला, खोली बघितली, काढला. "पर माझ्या हातनं सुटला ना? बांबूवाल्याच्या हातनं बांबू सुटतोच कसा? म्या लाँच धरली आस्ती तर त्या बिचाऱ्याचा हात नसता गेला. हात गेलाय, पोरी. कुनीतरी भोगाय नको?"

"ज्याने मारलं त्याने."

"त्याचं तो बघंल. माझं मी."

"शिक्षा झाली तर परत आत टाकतील."

ते थांबले. बांबूवर दोन्ही हात ठेवून पाण्याकडे बघत राहिले. इतका वेळ घट्ट असलेला त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तितं कुटूनच पानी दिसत नाय, गं. भिंतीच भिंती. म्या दिसभर भिताडाला हात लावून बसायचो, हलतंय का बघाया."

मग खुंटा ठोकायला घेतला. मी पाठमोरी झाले. त्यांच्या त्या नेमाला मी आजवर चांगुलपणा समजत होते. त्या दिवशी मला तो सगळ्यांनी मिळून एका म्हाताऱ्याच्या पाठीवर ठेवलेला धोंडा वाटला. तो स्वतःहून खाली वाकला म्हणून बाकीच्यांचे हात स्वच्छ होत नाहीत. माझे तर नाहीतच.

*

कोर्टाच्या व्हरांड्यात भामरे भेटले. शर्टाची उजवी बाही कोपराशी दुमडून टाचणी लावलेली. "ओळखलंत का, मॅडम?" त्यांनी डाव्या हाताने नमस्कार केला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या म्हाताऱ्याने मला पाण्यातून ओढून काढलं, तेवढं आठवतं. त्यानेच का मारलं असेल, हे मला कळत नाही. माझं तोंड तर दुसरीकडे होतं."

मी बाकाकडे वळले. लहानूकाका बाकाच्या कडेला, धुतलेलं धोतर नेसून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मामा आणि मामी मागच्या रांगेत. आत पंखा फिरत होता आणि कुठेतरी बाहेर, रस्त्यावर, कसलंसं यंत्र दगड फोडत होतं.

माझं नाव पुकारलं. शपथ झाली. सरकारी वकिलांनी माझा जुना जबाब हातात घेतला. "लाँच काठाला लागली तेव्हा बांबू कुणाच्या हातात होता?"

मागे वळून न बघताही मामा मला दिसत होता. लहानपणी याच मामाने मला पाण्यावर उताणं तरंगायला शिकवलं, पाठीखाली हात धरून. मी दोन्ही हातांनी समोरचं लाकूड धरलं.

"लाँच लागली तेव्हा लहानूकाकांच्या हातात होता," मी म्हणाले. "मग माझ्या मामाने तो ओढून घेतला आणि त्यानेच मारला. मी तीन पावलांवर उभी होते. मला सगळं दिसलं होतं."